कोपऱ्यातलं पाणी

“म्हणजे त्या बाईला आधीची मुलं आहेत?” निंबाक्कांनी विचारलं.

“दोन आहेत,” मालन म्हणाली. “थोरला मुलगा, धाकटी मुलगी. दोन्ही वेळेला काही त्रास नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत पहिला. तो चालायला लागला तोवर दुसरी. आणि आता चार वर्षं झाली वाट बघतेय, अक्का… काहीच नाही.”

“डॉक्टरला दाखवलं?”

“तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना दोनदा दाखवलं. नवरा-बायको दोघांचंही तपासून झालं. दोष कुणातच नाही म्हणाल्या. धीर धरा म्हणाल्या.”

“मग धरावा.”

मालननं हातातला नारळ मांडीवर घेतला.

वारणेच्या काठाला, टेकडीच्या उतारावर निंबाक्कांचा मठ होता. मठ म्हणजे काय, दोन खोल्या आणि पुढं सारवलेली ओसरी. अक्का गंडा देत नसत, ताईत बांधत नसत. तरी आसपासच्या गावांतल्या बायका येत, ओसरीवर टेकत आणि मनातलं बोलून जात. मालन आज पहिल्यांदाच आली होती. गुऱ्हाळवाल्यांची धाकटी सून. अंगावर इरकली लुगडं, हातात नारळ, मान ताठ. शेजारणीसाठी अंगारा न्यायला आले, असं तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

“ती बाई स्वतः का नाही आली?”

“लाज वाटते तिला.”

“मूल मागायची कसली लाज?”

“दोन असताना तिसरं मागायची. सासू म्हणते, आहेत ती काय कमी आहेत? बायका म्हणतात, माणसाला हाव किती असावी. पण मुलगी आता कडेवर बसत नाही, अक्का. हात कसे रिकामे रिकामे वाटतात… हे सांगायचं कुणाला? ज्यांना एकही नाही, त्यांच्यासमोर तर तोंड उघडायची सोय नाही.”

“कुणाला एकही नाही?”

मालननं पदर सारखा केला. “तिच्या थोरल्या जावेला.”

अक्का वाती वळत होत्या. हात थांबला नाही.

“सांग की.”

“जावेचं?”

“त्या बाईचं. तिच्या वतीनं आलीस ना?”

दुसरीचं म्हणून सांगताना मालनची जीभ सैल झाली. स्वतःचं म्हणून यातलं एक वाक्यही तिला कधी बोलता आलं नसतं.

“तोऱ्यात असायची ती बाई. नवऱ्याचा सदरा दोरीवर वाळताना बघितला तरी मला दिवस जातात, असं नदीवर हसून सांगायची. सकाळी गोवऱ्या थापल्या आणि दुपारी बाळंतीण झाले, हे तर किती वेळा. आणि जाऊ तिथंच शेजारच्या दगडावर धुणं धूत असायची.”

“हं.”

“त्यांच्यात पाळी आली की बाजूला बसतात. मागच्या सोप्याच्या कोपऱ्यात, चार दिवस. कशाला हात लावायचा नाही. ताट, पाणी दुसरीनं आणून ठेवायचं. जाऊ दर महिन्याला बसायची. लग्नाला बारा वर्षं झाली तरी बसतच होती. तिच्यापुढं ताट ठेवताना ती बाई म्हणायची…”

“काय?”

“ ‘आलात का पुन्हा?’ ”

अक्कांनी एक वात बाजूला ठेवली. दुसरी घेतली.

“एवढंच?”

“एवढंच. पण हसून म्हणायची.”

“आणि आता त्या कोपऱ्यात कोण बसतं?”

“मी.”

शब्द तोंडातून गेला आणि मगच तो तिला ऐकू आला. कानाच्या पाळ्या तापल्या. उठून चालतं व्हावं असं वाटलं.

अक्कांनी वर पाहिलं नाही. “बोल,” त्या म्हणाल्या.

“दोन दिवस जरी वर गेले ना अक्का, तरी मी मनात पाळणा झाडून घेते. नावंसुद्धा ठरवते. आणि मग… कोपरा. सगळ्या घराला कळतं. सासऱ्यांना, दिरांना… गुऱ्हाळावरचे गडीसुद्धा ओळखतात. कुणी काही बोलत नाही. सगळे नुसते माझ्या बाजूला बघायचं टाळतात.”

“पाणी कोण ठेवतं?”

“गिरिजाबाई. माझ्या जाऊबाई. सासूचे गुडघे धरलेत, दुसरं आहे कोण?”

“त्या काय म्हणतात?”

“काहीच नाही. तांब्या ठेवतात. भाकरी ठेवतात, ती पण तव्यावरची. मी मान खाली घालून वाट बघते. आज म्हणतील, आज नाही तर पुढच्या महिन्याला म्हणतील, आलात का पुन्हा. एकदाचं म्हणून टाकलं तर बरं होईल. चार वर्षं झाली… म्हणत नाहीत.”

खाली नदीवर कुणीतरी म्हशी धूत होतं. तो आवाज तेवढा येत राहिला.

“आणखी काय आहे?” अक्कांनी विचारलं.

“काही नाही.”

“बरं.”

अक्कांनी पुढची वात वळायला घेतली.

“मुलीच्या बारशाला…” मालन म्हणाली, आणि थांबली. मग एका दमात बोलली. “पाळण्याखालून बाळ द्यायला-घ्यायला जाऊबाई पुढं आल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. हात पुढं केले होते त्यांनी. मी म्हणाले, तुम्ही नको, पोरंबाळं असलेल्या बायकांना येऊ दे. भरल्या घरात म्हणाले. त्यांनी हात मागं घेतले आणि आत जाऊन पंगतीची भांडी घासायला बसल्या. त्या नव्या लुगड्यावर.”

तिनं नारळ पुढं सरकवला आणि जमिनीला डोकं लावलं.

“त्यांचा तळतळाट लागलाय मला. दुसरं काही नाही. तेवढा उतरवून द्या, अक्का. पाया पडते.”

आता मात्र अक्कांचा हात थांबला.

“तसं त्या बोलून दाखवतात?”

“नाही.”

“वागण्यात दिसतं?”

“नाही… माझ्या मुलीची वेणी रोज त्याच घालतात. ती झोपते पण त्यांच्यापाशी.”

“मग तळतळाट कुणी पाहिला?”

मालनचं कपाळ अजून जमिनीलाच होतं.

“इतकी वर्षं तिच्या पोटाला नावं ठेवलीस,” अक्का हळू आवाजात म्हणाल्या. “आता तिच्या मनाला ठेवतेस… सोडणार कधी तिला?”

मालननं मान वर केली नाही. कबुली दिली म्हणजे काहीतरी पदरात पडेल, अशा हिशेबानं आपण बोललो, हे तिला त्या क्षणी कळलं. इतका वेळ लाज वाटत होती ती लोकांची. ही वेगळी होती. या लाजेला बघायला तिसरं माणूस लागत नव्हतं.

अक्कांनी नारळ उचलला, तिच्या ओटीत परत ठेवला आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

मालन टेकडी उतरून घरी आली. त्या दिवशी तिला गिरिजाबाईंशी बोलायचं होतं. जमलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं दोघीच होत्या, तरी जमलं नाही. बोलायला तोंड उघडावं आणि मीठ कुठं ठेवलंय, असं काहीतरी विचारावं. असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी मालन कोपऱ्यात बसली.

दुपारी गिरिजाबाईंनी नेहमीसारखा तांब्या आणून ठेवला. वाकल्या तशा सरळ झाल्या, आणि जायला वळल्या.

“जाऊबाई.”

त्या थांबल्या.

“बारशाच्या दिवशी मी तुम्हाला… सगळ्यांच्या देखत… आणि इथं ताट ठेवताना दर वेळेला मी…”

गिरिजाबाई दाराच्या चौकटीला हात टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि माफ केल्याचं समाधानही नव्हतं. दमलेल्या दिसत होत्या. असं काही ऐकायची वाट बघणं त्यांनी फार पूर्वीच सोडून दिलं असावं.

“आधी पाणी पी,” त्या म्हणाल्या. “त्या कोपऱ्यात तहान फार लागते. मला माहीत आहे.”

एवढं बोलून त्या गेल्या. मालन भिंतीकडे तोंड करून रडली. तहान खरोखरच लागली होती. तिनं तांब्या संपवला.

श्रावणात ती पुन्हा मठात आली. हात रिकामे होते, आणि अंगावर रोजचं लुगडं होतं. घडलं ते सगळं तिनं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं.

“मूल मागायला आलीस?”

“मागावंसं वाटतं अजून. खोटं कशाला बोलू?” मालन म्हणाली. “पण आज त्यासाठी नाही आले.”

“मग?”

“त्या मला एक शब्द टोचून बोलल्या असत्या तर निभावलं असतं. आता त्या चार लोकांत बसल्या की मला वर बघवत नाही. भाकरी थापताना, मुलीला जवळ घेताना, मध्येच कधीही ते आठवतं आणि अंग आक्रसून येतं. मला वाटलं होतं, बोलले की सुटेन. ही लाज जातच नाही, अक्का. हिच्यावर काहीतरी उतारा द्या.”

निंबाक्कांनी हातातली वात खाली ठेवली. मग पुढं झुकून त्यांनी आपला सुरकुतलेला तळवा मालनच्या पोटावर ठेवला.

“ही लाज आत्ता कुठं राहिलीय…” त्या म्हणाल्या. “दिवस भरू देत तिचे.”