पट्ट्याची मिठी

घाटाखालच्या गॅरेजात हत्यारं आपापसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. झेंडूने भरलेला एक ट्रक धापा टाकत दारात थांबला.

"माझा डिझेल फिल्टर तुंबलाय. फुलं कोमेजायच्या आत घाट चढायचाय रे!"

पाईप पाना पुढे सरसावला. त्याला आपल्या दातांचा भारी तोरा. त्याने फिल्टरला कडकडून चावा घेतला. पत्रा चेपला, डिझेल ठिबकू लागलं, पण फिल्टर जागचा हलेना.

"मी आरपार घुसते," छिन्नी म्हणाली.

"नको गं बाई! तो फाटला तर मी इथंच अडकेन," ट्रक कळवळला.

तेवढ्यात खिळ्यावर लटकलेला चामडी पट्ट्याचा पाना म्हणाला, "दादा, मी बघू?"

"तू? तोंडात एक दात नाही तुझ्या!" पाईप पाना हसला.

पट्ट्याने फिल्टरला सगळीकडून सारखी मिठी मारली आणि तो सावकाश वळला. कुरकुरत फिल्टर सुटला. पाईप पाना बघतच राहिला.

"न चावता कसं जमलं रे?"

"चावलं की तो चेपतो, दादा. सगळीकडून धरलं की ऐकतो."

नवा फिल्टर लावून ट्रक घाट चढला. पुढे कुणाचा फिल्टर अडला, की पाईप पानाच आधी ओरडे, "सरका रे! आमच्या पट्टेरावांना वाट द्या."