गोदीच्या घरचं पीठ वाढलं

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. आधीच बोलून ठेवतो. बालवाडीच्या शालनबाई रोज दारात येऊन बसतात. "आबा, ती परीची गोष्ट लिहून द्या ना. मुलांना वाचून दाखवते." म्हटलं, बाई, माझी शाळा चौथीत सुटली आणि पऱ्यांवर माझा विश्वास नाही. तर म्हणतात, "पण तुम्ही पाहिलीत ना?" आता पाहिली ती पाहिली. नाही कसं म्हणू? तेव्हा ऐका पोरांनो. हातपाय आवरून बसा. मधेमधे 'पुढे काय, पुढे काय' करायचं नाही.

मी तेव्हा गावच्या बागेत माळी होतो. बाग कशी होती विचारा. लालचुटुक जास्वंद, पिवळीधमक शेवंती, निळी निळी गोकर्ण, आणि कुंदाची फुलं तर अशी, की आभाळातून चांदण्या गळून पडल्यात. सकाळी प्रत्येक पानावर दवाचा इवलासा थेंब, आणि प्रत्येक थेंबात एक चिमुकलं ऊन. बागेभोवती मेंदीचं दाट कुंपण. त्या कुंपणाआड बसून मी नजर ठेवायचो. कोण फुलं तोडतंय, कोण नळ उघडा सोडतंय. कुणावर भरवसा म्हणून ठेवला नाही कधी.

रोज दुपारी तिथे एक पोर यायची. गोदी तिचं नाव. एवढीशी, काडीसारखी, डोळे मात्र टपोरे. हातात कापडी पिशवी. मला वाटलं, ही पिशवीतून फुलं पळवते. बरेच दिवस पाळत ठेवली. शेवटी पिशवी उघडून बघितली, तर आत लोकांची ब्लाउजं, हुकांची पुडी आणि एक सुई.

"हे काय गं?"

"आईचं काम, माळीमामा. आई ब्लाउजांना हूक लावते. तिला सुई ओवता येत नाही, दिसत नाही. मग मी ओवून देते."

"घरी नाही ओवता येत?"

"घरी खिडकी नाही. दिवा लावला की बिल येतं. इथलं ऊन फुकट आहे ना?" आणि माझ्याकडे संशयानं बघत म्हणाली, "आहे ना फुकट?"

पोर मला आवडली. तसं मी दाखवलं नाही.

गोदीला बाप नव्हता. आई होती, हौसा. दोघींचा संसार कसा चालायचा ते ऐका, म्हणजे घरी खाऊ टाकून देताना आठवेल. चहाची पावडर दोनदा उकळायची. साबणाची वडी झिजून पापडाएवढी झाली, की नव्या वडीला चिकटवायची. गोदीचा फ्रॉक वाढत्या अंगाचा, म्हणजे मोठा घेऊन खालून हातभर दुमडून शिवलेला. पोर उंच झाली की दुमड उसवायची, फ्रॉक पुन्हा बेताचा.

आणि फळीवर एक डबा होता. चष्म्याचा डबा. हौसाला चष्मा हवा होता, त्यासाठी दर आठवड्याला त्यात थोडं थोडं पडायचं. चष्मा काही हौसेचा नव्हता. शिंपी तिला म्हणाला होता, "हौसाबाई, हूक वाकडे येतायत. गिऱ्हाईक माझ्या अंगावर धावून येतं. असंच चाललं तर काम दुसरीला देतो." म्हणजे चष्मा नाही तर काम नाही, आणि काम नाही तर भाकरी नाही. कळलं?

आता एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे घरातलं धान्य, तेल, मीठ 'संपलं' असं म्हणत नाहीत. संपलं म्हटलं की घराला वाईट वाटतं. म्हणून 'वाढलं' म्हणतात. पीठ वाढलं, म्हणजे डबा रिकामा झाला, आणायला हवं. हौसा या बाबतीत फार कडक. तिच्या घरात 'संपलं' हा शब्द कधी कुणी काढला नाही.

त्या आठवड्यात सगळं एकदमच झालं. एका सकाळी डबा झाडून शेवटची भाकरी थापली आणि हौसा म्हणाली, "गोदे, पीठ वाढलं. तेल वाढलं. मीठपण वाढलं गं."

"मग आता?"

"उद्या चष्म्याचा डबा उघडू."

"आणि तुझा चष्मा?"

हौसा चुलीवरची भाकरी उलटत राहिली.

त्या दुपारी गोदी भाकरी फडक्यात बांधून बागेत आली. बोगनवेलीखाली बसून सुया ओवायला लागली. मी मेंदीआड होतोच. एवढ्यात वरून आवाज आला. बारीक, काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा.

"बाळा, मला सोडवशील का?"

बोगनवेलीच्या काट्यात परी अडकली होती. खरं सांगतो. माझ्या करंगळीएवढी. अंगात मोरपंखी झगा, केसांत जुईची कळी, पंख साबणाच्या फुग्यासारखे, एका बाजूनं गुलाबी तर एका बाजूनं हिरवे. एक पंख काट्यानं टरकन फाटला होता.

दुसरं पोर असतं तर टाळ्या पिटल्या असत्या. गोदी दोन पावलं मागं सरली.

"तू कंपनीची आहेस का?"

"कसल्या कंपनीची?"

"मागं एक माणूस आला होता. म्हणाला, तुम्हाला कुकर लागलाय, फुकट, फक्त आणण्याचा खर्च द्या. आईनं दिला. ना कुकर आला, ना माणूस."

"मी परी आहे गं."

"तो पण साहेब आहे म्हणाला होता."

मेंदीआड मी मनात म्हटलं, शाब्बास.

पण परीच्या डोळ्यांत टिचभर पाणी आलं, आणि गोदीला ते बघवलं नाही. तिनं काटा बाजूला करून परीला अलगद पानावर ठेवलं. परी म्हणाली, "पंख शिवशील? तुझ्या सुईत तर दोरा ओवलेलाच आहे."

"हा गिऱ्हाइकाचा दोरा आहे. तो नाही देता येत."

परीचं तोंड उतरलं. गोदीनं थोडा विचार केला. मग स्वतःच्या फ्रॉकची दुमड धरली आणि तिथला दोरा सर्रकन ओढला. दुमड सुटली, फ्रॉक घोट्यापर्यंत लोंबायला लागला. त्या निळ्या दोऱ्यानं तिनं परीचा पंख शिवला. इवले इवले टाके. जीभ बाहेर काढून.

परीनं पंख हलवून बघितला. सोनेरी भुकटी उडाली, शेवंतीवर पडली, शेवंती आणखी पिवळी झाली. "बाळा," ती म्हणाली, "आता तुझं काम. तीन गोष्टी देईन. पण नियम आहेत."

"आले नियम," गोदी म्हणाली.

"तोंडातून शब्द गेला की गेला, परत घेता येणार नाही. तीन म्हणजे तीनच. आणि खोटं बोललीस तर मी निघाले."

"नंतर हप्ता?"

"नाही."

"कुणी दारात येणार नाही मागायला?"

"नाही गं बाई!"

"बरं."

"पण मलाही विचारू दे," परीनं डोळे बारीक केले. "लोक फार फसवतात आम्हाला. घरात कोठारं भरलेली असतात आणि वर आणखी मागतात. खरं सांग, घरात पीठ आहे?"

गोदी अडखळली. आईनं शिकवलेलं. "पीठ... वाढलंय."

"अस्सं? आणि तेल?"

"तेल वाढलंय."

"मीठ तरी?"

"मीठपण वाढलं," गोदी खाली बघत म्हणाली.

परी पानावर ताडकन उभी राहिली. गुलाबीची लाल झाली. "पीठ वाढलंय, तेल वाढलंय, मीठ वाढलंय, आणि निघाली परीकडे मागायला! अंगावर मुद्दाम हा ढगळा फ्रॉक घालून आलीस होय? मला वाटलं, तू भली पोर आहेस."

पऱ्यांच्या देशात असली रीत नसणार. तिला काय कळणार? माझ्या अगदी ओठावर आलं होतं, अगं ए टिकले, वाढलं म्हणजे संपलं! पण मी तोंड उघडलं आणि ती दचकून उडाली तर? गप्प बसलो. मूठ तेवढी आवळली.

गोदीला नुसतं 'संपलं' म्हणायचं होतं. एकच शब्द. तो काही तिच्या तोंडून निघेना. मग ती काय म्हणाली माहीत आहे?

"जायचं तर जा. पण आत्ताच शिवलंय, लगेच उडू नको, टाका उसवेल. आणि उपाशी जाऊ नको. थोडी भाकरी खा."

तिनं फडकं सोडलं. शेवटच्या पिठाची ती भाकरी. अर्धी परीपुढे ठेवली. परी फुगून बसली होती, पण भूक पऱ्यांनाही असते. तिनं कणभर तुकडा तोंडात टाकला आणि थांबली.

"ही अळणी आहे."

गोदी फडक्याची गाठ चाचपत राहिली.

"कोरडी पण आहे. तेलाचं बोट नाही." परीनं तिच्याकडे निरखून बघितलं. "मीठ वाढलंय म्हणालीस ना? मग भाकरीत का नाही?"

"वाढलंय म्हणूनच," गोदी पुटपुटली. "आमच्यात दुसरं म्हणत नाहीत. आईला आवडत नाही."

परीनं आणखी एक कण चाखून बघितला. वाऱ्यावर कुंदाची फुलं टपटपत होती. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तू खोटं बोलली नाहीस."

"नाही."

"पण जे बोललीस ते खरंही नाही. आता गं काय करायचं? नियम तर नियम. खोटं नाही, तर मग ते मला खरं करायला हवं." आणि तिनं इवलीशी बोटं दुमडत मोजून दाखवलं. "पीठ वाढलं. तेल वाढलं. मीठ वाढलं. झाल्या तुझ्या तीन गोष्टी."

गोदीचा चेहरा पांढरा पडला. "नाही, नाही! मला आईचा चष्मा मागायचा होता!"

"शब्द गेला, बाळा."

"बघ! म्हणजे फसवलंसच!" असं म्हणून गोदी जी रडायला लागली! परी म्हणाली, "घरी जा आणि डबा बघ." आणि पाकळीआड दिसेनाशी झाली.

संध्याकाळी हौसा बागेच्या दारात हजर. काखेत पिठाचा डबा, मागं मुसमुसणारी गोदी.

"दादा, खरं सांगा. हे पीठ तुम्ही टाकलंत?"

"मी? मला माझं पुरत नाही."

"मग कुणी? सकाळी मी हा डबा झाडला होता. आता दोघींच्या भाकरीपुरतं पीठ आहे. तेलाच्या बुधलीत तेल आहे, बरणीत मीठ आहे. पोर म्हणते परीनं दिलं. मला कुणाचं फुकटचं नको."

मी पाहिलेलं सगळं सांगितलं. तिनं माझं तोंड हुंगून बघितलं. प्यायलो नव्हतो. तरी तिचा विश्वास बसेना. चिमूटभर पीठ तिनं मुंग्यांच्या वारुळापाशी टाकलं आणि बसून राहिली. मुंग्या कणकण उचलून घेऊन गेल्या. एकही मेली नाही. तेव्हा कुठं घरी जाऊन तिनं भाकरी थापली.

तेव्हापासून असं झालं. डबा तळापर्यंत खरवडून कुणी मनापासून 'वाढलं' म्हटलं, की दुसऱ्या दिवसापुरतं त्यात यायचं. उद्याचंच. परवाचं नाही. एकदा गोदीनं डब्यात पीठ असताना उगाच 'वाढलं, वाढलं' म्हणून बघितलं. काही आलं नाही. श्रीमंत-बिमंत कुणी झालं नाही, पोरांनो. चहाची पावडर दोनदाच उकळत होती. पण फळीवरचा डबा कुणाला उघडावा लागला नाही. तो भरत गेला. आणि एक दिवस, शिंप्यानं काम काढून घ्यायच्या आत, हौसाच्या नाकावर चष्मा आला. स्वतःच्या पैशाचा.

तो घालून ती पहिल्यांदा गोदीकडे वळली आणि बघतच राहिली.

"अगं, तुझ्या गालावर तीळ आहे!"

"कधीचा आहे आई."

"मला कुणी सांगितलं नाही," म्हणाली, आणि चष्मा काढून पुसायला लागली. नवाच होता, पुसायची काही गरज नव्हती.

त्याच दुपारी दोघी बागेत आल्या. बोगनवेलीवर परी बसलेली. हौसानं तिला नमस्कार केला, जवळून बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

"हा टाका वाकडा आहे."

"आई!" गोदी म्हणाली.

"गप. बस गं पोरी अशी, उजेडाकडे पाठ कर." आणि हौसानं तो पंख उसवून पुन्हा शिवला. टाका असा बेमालूम, की मला कुंपणाआडून दिसलासुद्धा नाही. मग दोरा तोडून म्हणाली, "आता आपलं काही राहिलं नाही ना? नंतर कुणी मागायला येणार नाही ना?"

परी इतकी हसली, की झाडावरच्या सगळ्या कळ्या एकदम उमलल्या. "राहिलं ते माझ्याकडंच राहिलं," ती म्हणाली. पंख पसरले. आधी गुलाबी, मग केशरी, मग चांदीसारखा पांढरा झगझगीत उजेड पडला. पानन् पान, दगडन् दगड लखलखला. डोळे उघडले तर परी नाही. मी बोगनवेलीखाली रांगत जाऊन बॅटरी शोधली, तार शोधली. काही सापडलं नाही.

झाली गोष्ट. आता शालनबाई, ही शेवटची ओळसुद्धा पोरांना वाचून दाखवायची, गाळायची नाही. हौसा गिरणीवर दळायला जाईनाशी झाली, तेव्हा बागेच्या दारात भर गर्दीत एकानं माझी कॉलर धरली आणि ओरडला, की या माळ्यानं माझ्या गिरणीतलं पीठ चोरून त्या बाईला नेऊन दिलं. पीठ कुठून आलं ते आता सगळ्या बालवाडीला ठाऊक झालं. त्याचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्याचे गुडघे अजून धड आहेत, आणि त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. गजाबा पिसाळ, गिरणीवाला.