शेजारच्या गाडीची दृष्ट

एकदा एक व्यापारी मोठ्या पेचात पडला, आणि पेच तरी कसला, तर गाडीचा. एक होती स्पोर्ट्स कार, जमिनीला टेकलेली, बाणासारखी सुटणारी. दुसरी जबर ताकदीची एसयूव्ही, उंच, रुबाबदार, वेगातही फारशी मागे न राहणारी. दोन्ही चालवून पाहिल्या, पण मन काही ठरेना.

खरे तर हा पेच त्याच्या घरात शिरला तो शेजारच्या फाटकातून. शेजारी त्याचा धाकटा चुलतभाऊ रत्नाकर राहत असे. रत्नाकरने नवी एसयूव्ही आणली, तेव्हा व्यापारी पूजेला गेला नाही. पेढे घरी आले, तेही त्याने तोंडात घातले नाहीत. त्याच्या वृद्ध आईचा डोंगरावरच्या देवीचा नवस फेडायचा राहिला होता. रत्नाकर म्हणाला, "काकू, चला, मी नेतो." त्यावर व्यापाऱ्याने परस्परच सांगून टाकले, "आई आपल्याच गाडीतून जाईल." आणि जुनी गाडी तर त्याने विकून टाकली होती. ओटीचा खण देव्हाऱ्यापाशी तसाच पडून राहिला. नारळ आईने गुपचूप बदलला.

शेवटी तो आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला.

"गुरुजी, कोणती घेऊ?"

"तुला काय वाटतं?"

"स्पोर्ट्स कार घेतली तर हायवेला रत्नाकर मागे पडेल. पण शेजारी उभी केली की त्याच्या गाडीपुढे बुटकी दिसते. त्याच्याहून वरची एसयूव्ही घ्यावी, तर लोक म्हणतील, त्याचं बघून घेतली."

"आई कशात बसेल?"

स्पोर्ट्स कारमध्ये वाकून शिरणे आईच्या गुडघ्यांना जमणारे नव्हते. व्यापारी हळूच म्हणाला, "तिला विचारलं नाही अजून."

गुरुजी उठले. "मूठभर मीठ-मोहऱ्या घे. गाडीची दृष्ट काढायची आहे."

"पण मी गाडी अजून घेतलीच नाही."

"तुझी नव्हे, रत्नाकरची. आणि काढायची तू."

व्यापारी गोंधळला, पण गुरुजींचा शब्द मोडवेना. दोघे शेजारी पोचले, तेव्हा फाटकाशी रत्नाकर गाडी पुसत होता.

"दादा, आज वाट चुकलास का? पेढे संपले हं," तो म्हणाला. गुरुजींनी येण्याचे कारण सांगितले, तशी त्याच्या बायकोने धुपाटण्यात निखारे आणून ठेवले.

व्यापाऱ्याने मूठ गाडीवरून ओवाळायला घेतली. लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकलेले शब्द आपोआप ओठांवर आले. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची..."

तिथे जीभ अडखळली. मूठ हवेतच राहिली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "थांबू नकोस. आपण ज्याची दृष्ट काढतो, त्याचं भलं चिंतत असतो. ते चिंतन आणि जळफळाट एका मुठीत मावत नाहीत. बाळा, एक गाडी तुला रत्नाकरला मागे टाकायला हवी होती आणि दुसरी त्याला झाकायला. स्वतःसाठी तू अजून एकही पाहिलेली नाहीस."

व्यापाऱ्याने मूठ पुन्हा फिरवली. "शेजाऱ्यापाजाऱ्याची... आणि माझी. सगळी जळून जाऊ दे."

मोहऱ्या निखाऱ्यांवर तडतडल्या.

"बरीच लागली होती की रे," रत्नाकर हसत म्हणाला.

"हो," व्यापारी म्हणाला. तो हसला नाही. "उद्या मंगळवार आहे. आईला डोंगरावर नेशील?"

"नेतो की. पण चालवायची तू."

दुसऱ्या दिवशी ओटीचे ताट मांडीवर घेऊन आई पुढे बसली होती. घाट चढताना व्यापाऱ्याने विचारले, "आई, आपण कोणती गाडी घ्यावी?"

"पाय फार न दुमडता बसता येईल अशी कुठलीही घे," आई म्हणाली. "फक्त मागे रत्नाकरला जागा हवी."

नव्या वस्तूसाठी आपण घरोघरी मीठ-मोहऱ्या हाताशी ठेवतो. त्यातली पहिली मूठ शेजारच्या दारी ओवाळून पाहावी.