राणी वेणुमतीवरचा आळ

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता आणि वेणुमती नावाची त्याची राणी होती. राजा राजघराण्यातला, राणी कासाराची लेक. बाप गावोगाव बायकांना बांगड्या भरी आणि लेक पेटी घेऊन त्याच्या मागे चाले. एकदा ती पेटी घेऊन राजवाड्यात आली. राजाने तिला पाहिले, तिने राजाला पाहिले आणि वैशाखात लग्न लागले. दरबाऱ्यांनी अक्षता टाकल्या, पण हातानेच टाकल्या, मनाने नाही.

राजवाड्याच्या तळघरात एक खजिना होता. राजाच्या आजोबांनी तो कुठूनसा लुटून आणला आणि लगेच त्याला कुलूप घातले. मरतेवेळी किल्ली सुनेच्या हाती देऊन ते म्हणाले, "हे दार उघडू नकोस." ती सून म्हणजे आताची राजमाता सौदामिनी. राज्याचा कायदा असा होता, की राजा निपुत्रिक गेला तर तो खजिना राणीचा व्हावा.

राजाच्या वाढदिवसाची सकाळ उजाडली. राणीने आपल्या हाताने दूध तापवले, त्यात केशर घातले. तबकात एक नवा सोन्याचा पेला ठेवलेला होता, काठावर माशांची नक्षी असलेला. भांडाऱ्याने पाठवला असेल असे समजून तिने त्यातच दूध ओतले. राजाने घोट घेतला, हसला आणि म्हणाला, "वेणू, साखर जास्त झाली ग." पेला हातातून निसटला आणि राजा जागच्या जागी कोसळला. त्याची पावले निळी पडली, नुकतीच निळीच्या कढईतून काढल्यासारखी.

राजवैद्य धावत आला. नाडी धरून बराच वेळ बसला.

"हे विष पावलांतून वर चढते आहे. श्वास आहे, पण धाग्याएवढा. अमावास्येच्या सूर्यास्ताला निळाई हृदयाशी पोहोचेल. पुढे माझे काही चालणार नाही."

त्याच दुपारी दरबार भरला. सिंहासन रिकामे होते आणि त्याच्या पायरीवर राजमाता न्यायाला बसली होती. सेनापती दुर्जय पुढे झाला.

"मांसाहेब, राजा गेला तर खजिना कोणाचा? राणीचा. दूध कोणी दिले? राणीने. बांगड्यांच्या पेटीवर वाढलेल्या पोरीला तळघरातले सोने दिसले आणि तिचा हात वाहवला. आणखी काय पाहिजे?"

दरबार मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावला. राजमातेने विचारले, "सूनबाई, दूध तू तापवलेस?"

"होय, आईसाहेब."

"पेला तू भरलास?"

"मीच भरला. पण विष मी दिले नाही."

तेवढ्यात खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. त्याचे डोळे लाल गुंजांसारखे होते आणि पंख तांब्याच्या रंगाचे. तो माणसासारखा स्पष्ट बोलला, "राणी खरे सांगते. मी बकुळीवरून पाहत होतो. पातेल्यात दूध पिवळे होते. पेल्यात पडले आणि निळे झाले."

"हिच्या हातचे दाणे खाणारे पाखरू हे," दुर्जय म्हणाला. "याची साक्ष कसली?"

राजमातेचे लक्ष सगळ्यांकडे गेले, पण साक्षीला ठेवलेल्या त्या पेल्याकडे तिने पाहिले नाही. मग ती म्हणाली, "अमावास्येपर्यंत तुला मोकळीक. उतारा आण. नाही आणलास, तर ज्यातून माझा मुलगा प्यायला त्यातूनच तूही पिशील. तोवर तुझा बाप आमच्या पहाऱ्यात राहील."

वेणुमतीने राजाच्या थंडगार पावलांवर हात ठेवला. कालपर्यंत हीच पावले जिन्यावर दोन दोन पायऱ्या चढून येत. तिला रडू आले, पण रडायला वेळ नव्हता. तिने पदर खोचला आणि ती अंगणात आली.

"पाखरा, असे विष करणारा कोण आहे?"

"एकच आहे. राखेच्या डोंगरावरचा भस्माक्ष जादूगार."

"मला तिथे पोहोचव."

भारद्वाजाने अंग झाडले. त्याचे पंख वाढत वाढत जहाजाच्या शिडाएवढे झाले. राणी त्याच्या मानेशी बसली आणि पाखरू उडाले! खाली राजवाडा पेटीएवढा झाला, मग बांगडीएवढा, मग दिसेनासा झाला. वारा कानांत शंखासारखा वाजत होता, आणि इतक्या दुःखातही राणीचे काळीज भीतीने आणि हुरूपाने धडधडत होते.

राखेच्या डोंगरावर झाड नव्हते, गवत नव्हते. शेंड्यावर भस्माक्ष बसला होता. त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत राख भरलेली होती.

"कोण आहे?"

"राजा रणधवलाची राणी. माझ्या पतीला तुमच्या विषाची बाधा झाली आहे. उतारा द्या, महाराज."

"तीन गोष्टी आण. मग बोलू. पहिली, कुमुद सरोवरातल्या दगडी हत्तीच्या डोळ्यातले पाणी."

भारद्वाजाने तिला सरोवराच्या काठी उतरवले. मध्यावर डोंगराएवढा दगडी हत्ती उभा होता. आजवर कितीतरी लोक तिथे आले होते. कोणी त्याला दुःखाच्या कहाण्या सांगितल्या, कोणी अंकुशाने टोचले. हत्तीच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. राणी पोहत त्याच्यापाशी गेली. तीही आपली कहाणी सांगणार होती, पण जवळ जाताच तिने पाहिले, की हत्तीच्या कानांमागे शेवाळ साचले आहे आणि त्यात शिंपले रुतून बसले आहेत.

"अरे, किती टोचत असतील तुला," ती म्हणाली.

तिने पदराचा बोळा केला आणि कान घासायला घेतला. शिंपले एकेक करून काढले. नखे मोडली, बोटे सोलवटली. एक कान झाला, मग दुसरा झाला. उन्हे कलली तेव्हा तिच्या मनगटावर कोमट थेंब पडला. वर पाहते तो हत्तीच्या डोळ्यांतून धार लागलेली! तिने ओंजळ धरली, कमळाच्या पानाचा द्रोण केला, पाणी भरले आणि हाक मारली, "पाखरा, चल!"

भस्माक्षाने द्रोण हातात घेतला. म्हणाला, "दुसरी गोष्ट, काळ्या खिंडीतल्या नागराणीची कात. ती मागून मिळते, चोरून मिळत नाही."

काळ्या खिंडीत नागराणी वाट अडवून पसरली होती. तिचा फणा सुपाएवढा होता. राणीला पाहून ती फुत्कारली, आणि खिंडीतले दगड घरंगळले.

"कात हवी असेल तर माझ्या तोंडात हात घाल. मी विचारीन ते सांग. खोटे बोललीस तर दात मिटतील."

वेणुमतीने कोपरापर्यंत हात घातला. दातांची टोके हाताला लागली.

"तू नवऱ्याला विष दिलेस?"

"नाही."

दात हलले नाहीत.

"तो खजिना तुला हवा होता?"

राणी 'नाही' म्हणणार होती. शब्द ओठांवर आलासुद्धा. मग तिला आठवले.

"एकदा हवा होता," ती म्हणाली. "लग्नानंतर मी तळघराच्या फटीतून आत पाहिले. एक चंद्रहार चमकत होता. आपल्या गळ्यात हा कसा दिसेल, असे मनात आले. घरी बाबा अजून फुटक्या बांगड्यांनी हात कापून घेतात, तेही मनात आले. मग मी निघून आले आणि पुन्हा त्या जिन्याने उतरले नाही."

नागराणीने जबडा उघडला. राणीने हात बाहेर काढला, तर त्यावर ओरखडाही नव्हता.

"विषाचा वास मला कोसावरून येतो. तुझ्या हाताला तो नाही," नागराणी म्हणाली. "पण 'नाही' म्हणाली असतीस तर हात गेला होता." तिने अंग घुसळले आणि चांदीच्या तारेसारखी कात राणीपुढे पडली.

अमावास्येची पहाट झाली तेव्हा राणी पुन्हा राखेच्या डोंगरावर होती. भस्माक्षाने हत्तीच्या पाण्याने डोळ्यांच्या खोबणी धुतल्या. राख वाहून गेली आणि आत डोळे उघडले. नागराणीच्या कातीच्या त्याने पापण्या केल्या. मग त्याने प्रथमच राणीकडे पाहिले.

"आता तिसरी गोष्ट. तुझ्या आजेसासऱ्याने या डोंगरावरची झाडे लुटली. सोन्याची होती ती, पाने, फळे, मोहोर, सगळे. त्याने ती वितळवून भांडी केली, दागिने केले. माझे डोळे तेव्हा जळाले आणि मी शाप दिला, की या सोन्यातले जे घरात वापरले जाईल, ते घरातल्याला घरातल्याच माणसाच्या हातून विष होईल. माझे सोने मला परत आण. सगळे. तो पेलासुद्धा."

"पेला?" राणीने विचारले. "पेला त्या खजिन्यातला होता?"

"दुसरा कुठला?"

खजिन्याची किल्ली एकाच कमरेला होती.

भारद्वाज बाणासारखा उडत होता आणि राणी संतापली होती. जिने पेला काढला तिनेच मला तो प्यायची शिक्षा सांगितली! माझ्या म्हाताऱ्या बापाला पहाऱ्यात बसवले! दरबारात शिरायचे आणि सगळ्यांदेखत बोट दाखवायचे, असे तिने ठरवले. पण राजवाड्यात येते तो निळाई राजाच्या फासळ्यांपर्यंत चढलेली, आणि सूर्य माथ्यावरून ढळलेला. आपण आरोप करू, दुर्जय तलवार उपसेल, वाद होईल, साक्षी होतील. तेवढ्यात सूर्य बुडेल.

ती दरबारात धावत शिरली. "आईसाहेब, खजिन्याची किल्ली द्या. सगळा खजिना मला न्यायचा आहे. आत्ता!"

दुर्जय ओरडला, "ऐकलेत? आम्ही हेच म्हणत होतो! नवरा मरणाला टेकला आणि हिला सोने पाहिजे! धरा हिला!"

भाले पुढे आले. राणी हलली नाही. ती फक्त सासूकडे पाहत राहिली.

"ते सोने भस्माक्षाचे आहे, आईसाहेब. शापाचे आहे. परत गेले तरच महाराज उठतील. बाहेर कोणी काढले ते मी विचारत नाही. किल्ली द्या."

राजमाता उठली.

"भाले खाली करा," ती म्हणाली. "दुर्जय, बाजूला हो. पेला मी काढला."

ती सिंहासनाच्या पायरीवरून खाली उतरली.

"मुलाला आजोबांचे काहीतरी द्यावे असे वाटले. मामंजींनी बजावले होते, मला ते म्हातारपणाचे भय वाटले. मुलगा कोसळला तेव्हाच मी ओळखले. सगळे हिच्याकडे बोट दाखवत होते आणि मी गप्प बसले. आपल्या हाताने मूल मारले हे मला सोसवत नव्हते, म्हणून मी दुसऱ्याच्या मुलीला मारायला निघाले."

तिने कमरेची किल्ली काढून वेणुमतीच्या हातात दिली. "चल, सूनबाई. मी येते तुझ्याबरोबर."

तळघर उघडले. सोने आतून कुजबुजत होते, येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. शिपायांनी कानांत कापूस कोंबला आणि ते ओझी वाहू लागले. चंद्रहार राणीच्या हाती आला. तिने तो न पाहता गोणीत टाकला. साक्षीचा पेला राजमातेने स्वतः उचलला. भारद्वाजाच्या पाठीवर गोण्या रचल्या, पुढे सून बसली, मागे सासू बसली. राजमाता जन्मात पालखीतून खाली उतरली नव्हती. तिने डोळे गच्च मिटले आणि सुनेची कंबर घट्ट धरली.

"भीती वाटते?" राणीने विचारले.

"वाटते. तू थांबू नकोस."

सूर्य पश्चिमेकडे झुकू लागला होता. भारद्वाजाने पंख आवळले आणि ते उल्केसारखे राखेच्या डोंगरावर उतरले. भस्माक्षाने गोण्या उलट्या केल्या. आपल्या नव्या डोळ्यांनी एकेक वस्तू पारखली. शेवटी हात पुढे केला. राजमातेने पेला त्याच्या हातावर ठेवला.

"हा कोणी वापरात आणला?"

"मी. शिक्षा करायची तर मला कर."

"ती तुझी तू करून घे," जादूगार म्हणाला. "मला माझी झाडे पाहू दे."

त्याने मुठी भरभरून सोने राखेत पेरले. राख फुगली, तडकली आणि कोंब फुटले! हारांच्या वेली झाल्या, मोहरांची पाने झाली, बघता बघता अख्ख्या डोंगरावर सोन्याचे रान सळसळू लागले. भस्माक्ष वेड्यासारखा झाडाझाडाला कवटाळू लागला. "शाप संपला!" तो ओरडला. "जा, जा! तुमचा माणूस उठतो आहे!"

त्या दोघी राजवाड्यात शिरल्या तेव्हा सूर्याची कड तेवढी उरली होती. राजाच्या छातीवरची निळाई ओसरत होती, पोटऱ्यांवरून, घोट्यांवरून, नखांवरून. मग राजाने डोळे उघडले आणि दाराशी उभ्या असलेल्या, राखेने माखलेल्या दोन बायकांकडे पाहिले.

"वेणू, आई, काय झाले? आणि मला एवढी भूक कशाने लागली आहे?"

वेणुमती त्याच्या छातीवर डोके ठेवून रडली. एवढ्या दिवसांचे सगळे रडली.

कासाराला मानाने सोडले. दुर्जयाने भर दरबारात तलवार राणीच्या पायांशी ठेवली. कोणाला लाभ झाला असता एवढ्यावरून कोणाला दोषी धरू नये, असा राजाने कायदा केला. पण राणी सासूशी बोलेना. समोर आली की वाट सोडी, विचारले तर मान हलवी. राजा मध्ये पडला नाही.

एके दिवशी राजमातेने दवंडीवाल्याला बोलावले आणि ती वाड्याबाहेर पडली. गावोगाव दवंडी पिटली गेली, "ऐका हो ऐका! राणी वेणुमती निर्दोष आहे. तिच्यावर आळ राजमातेने येऊ दिला!" आणि दवंडीवाल्याच्या मागे प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत राजमाता स्वतः अनवाणी चालत होती, लोकांनी चेहरा पाहावा म्हणून डोक्यावरचा पदर मागे सारून. सीमेवरच्या शेवटच्या वाडीपर्यंत ती गेली.

परत आली तेव्हा तिच्या टाचा फाटल्या होत्या. महाद्वारात वेणुमती उभी होती. शेजारी पाट मांडलेला होता आणि घंगाळात ऊन पाणी होते.

"बसा, आईसाहेब," ती म्हणाली. "पाय पुढे करा."

राजमाता बसली, आणि सुनेने तिचे पाय पाण्यात घेतले.

वेणुमतीवरचा आळ असा गेला, राज्य असे सावरले. ऐकणाऱ्यांच्या घरी दूध गोड राहो, माणसे एकमेकांना धरून राहोत.