राहीचे गाल

फार मागची गोष्ट. त्या काळी बांगड्या भरायला बायका बाजारात जात नसत. कासारीणच दारी येई. अशाच एका गावात राही नावाची कासाराची मुलगी होती. बापाचे गुडघे धरले आणि घरोघरी बांगड्या भरायचं काम तिच्याकडे आलं. तिचा हात हलका होता. बांगडी कधी चढली, ते बायकांना कळतही नसे.

सोळाव्या वर्षी तिच्या गालांवर मुरुमं उठली. राही ती नखांनी फोडत बसे. मुरुमं गेली, पण काळे डाग आणि खळगे मागे राहिले.

बांगड्या भरताना समोरासमोर बसावं लागतं. बायकांची नजर गालांवर जाई आणि घरोघरी नवा उपाय मिळे. पाटलीणबाईंनी लिंबू चोळायला सांगितलं, सोनारणीनं जायफळ उगाळून लावायला. कुणी म्हणालं, विटेची भुकटी घास, कातडीबरोबर डागही निघेल. सगळ्या मायेनंच सांगत होत्या. राही एक उपाय दोन दिवस करी आणि तिसऱ्या दिवशी दुसरा धरी.

महिन्याभरात देशमुखांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं आणि तिथं बांगड्या राहीच भरणार होती. तोवर चेहरा साफ व्हावा म्हणून राहीनं एका सकाळी तिन्ही उपाय केले आणि तशीच दिवसभर उन्हात फिरली.

सांज होईतो गाल सुजले, कातडी सोलली. राहीनं दार लावून घेतलं. आई दारी आलेल्या बायकांना परत पाठवू लागली. शेवटी बाप बांगड्यांचं गाठोडं घेऊन निघाला आणि दुखऱ्या गुडघ्यांमुळे पहिल्याच पायरीवर कोसळला.

मग आईनं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या भागूआईला बोलावलं. म्हातारीनं बराच वेळ राहीचे गाल निरखले.

"काय लावू?" राहीनं विचारलं.

"काही लावू नकोस. गार पाण्यानं धू, उन्हात पदर घे आणि हात आवर. नवी कातडी आतून येते, पोरी. तिला येऊ दे."

"आणि डाग?"

"पुष्कळसे फिकट होतील. वर्ष लागेल. खळगे थोडे राहतील, ते मी खोटं सांगणार नाही."

राही त्या रात्री रडली. पण तिनं म्हातारीचं ऐकलं. सूज उतरली, सोललेलं भरून आलं. डाग मात्र होते तसेच होते.

ते घेऊनच ती डोहाळजेवणाला गेली. सुनेचे हात सुजले होते, बांगडी चढेना. राहीनं तेलाचं बोट लावलं आणि जराही घाई न करता एकेक बांगडी भरली. सून म्हणाली, "तू आलीस म्हणून बरं झालं. दुसऱ्या कुणाच्या हाती मी हात दिला नसता."

वर्षानं डाग फिके झाले. डाव्या गालावर चार खळगे राहिले. राही बापाचं काम पुढं कितीतरी वर्षं करत राहिली, आणि गावातल्या पोरी मुरुमं उठली की आधी तिच्याकडे येऊ लागल्या.

तात्पर्य: शरीराला भरून यायला वेळ लागतो, तो वेळ न देणारा आपल्याच हातानं जखम वाढवतो.