पाटलांच्या अंगणातली गाय

हौसाक्कांच्या शेतातला गोठा पडका होता, तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. अक्कांनी भिंती लिंपून घेतल्या, नवी कौलं चढवली, तसे भुजंगराव पाटील पंचांना घेऊन हजर झाले.

“गोठा आमचा!” पाटलांनी मिशीला पीळ दिला. “माझे बैल वर्षानुवर्षं इथंच बांधायचो. जिथं ज्याचं जनावर, तिथं त्याची मालकी.”

पंच माना डोलवू लागले. पाटलांपुढं बोलणार कोण?

अक्कांनी लिंपणाचे हात धुतले. “मान्य. माझी गाय तुमच्या अंगणात बांधलीय. नातवाला दूध हवं म्हणून तुम्हीच नेलीत. मग मी राहायला कधी येऊ?”

पंचांना हसू आवरेना. पाटील पुटपुटले, “गाय उद्याच आणून सोडतो.”

“छे, पोराचे हाल कशाला? राहू दे तिथंच,” अक्का म्हणाल्या. “फक्त माझं अंगण रोज झाडून घेत जा.”