राजकन्येचा अभ्यास आणि राजवाड्याचा नगारा

एका राज्यात, जिथे नद्या डोंगर चढून वाहत आणि त्याचं कोणाला नवल वाटत नसे, मेघध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. त्याच्या मुकुटात अजिंक्यमणी होता. तो मणी डोक्यावर असेपर्यंत राजाचा पराभव होणार नव्हता. राजाला जयकेतू नावाचा मुलगा आणि कुवलया नावाची मुलगी. मुलगा शिकारीला गेला, तो परतलाच नाही. राजाने रीतसर सुतक पाळलं आणि विषय संपवला. कुवलयेच्या मनातून तो संपला नाही.

एके दिवशी तिच्या खिडकीत एक म्हातारी साळुंकी येऊन बसली आणि माणसाच्या भाषेत म्हणाली, "राजकन्ये, महालाच्या कळसावर रोज सकाळी निळा पक्षी येतो. तुझ्या भावाचं काय झालं ते त्याला ठाऊक आहे."

"मग तू त्याला विचार आणि मला सांग."

"एकाचं दुःख दुसऱ्याच्या चोचीने सांगायचं नाही, असा आमचा कायदा आहे. आमची भाषा शीक. स्वतः विचार. पण सावरीची बोंडं फुटली की त्याचा थवा डोंगरापलीकडे जाईल. गेलेला परत येत नाही."

"शिकव," कुवलया म्हणाली.

पक्ष्यांची भाषा मोठी नाजूक. सूर शेवटी जरा वर गेला तर विनंती, जरा खाली आला तर शिवी. कान देऊन ऐकावं लागे. आणि कान द्यायचे कुठे, तर त्या राजवाड्यात! खाली मुदपाकखान्यात उखळं दणदणत. दासी या सज्जातून त्या सज्जात ओरडून बोलत. हत्तींना आंघोळ घालायची ती नेमकी हिच्या खिडकीखाली. हे सगळं कमी पडे म्हणून आत्याबाई येत.

"बसलीच आहेस, तर एवढा लसूण सोलून दे."

"आत्याबाई, मी अभ्यास करते आहे."

"हो हो, हातांना कुठे काम आहे? हात मोकळेच आहेत तुझे."

राजपुत्र धनुर्विद्या शिकायचा तेव्हा अंगणात पाचोळा वाजू देत नसत. मुलगी घरात बसून शिकते म्हटल्यावर मात्र ती रिकामी बसली आहे, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. कुवलयेच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तरी उखळाच्या दणक्यात ती नामं शिकली आणि आत्याबाईंच्या बडबडीत क्रियापदं.

पण नगाऱ्यापुढे तिचं काही चालेना. सकाळी निळा पक्षी कळसावर येऊन बोलू लागला की वेशीवरच्या नगारखान्यात असा काही दणदणाट सुरू होई की भिंती थरथरत. पक्ष्याची नुसती चोच हलताना दिसे.

ती राजाकडे गेली. "आबासाहेब, एक सकाळ नगारा बंद ठेवा."

राजा म्हणाला, "तुझ्या भावाच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून तो वाजतो. तरी तीन कामं कर. काळ्या डोहातलं बोलतं कमळ आण. पांढऱ्या वाघिणीच्या मिशीचा केस आण. घोररवा राक्षसाच्या उशीखालची किल्ली आण. मग एक सकाळ नगारा बंद."

कुवलया निघाली. डोहावरच्या बगळ्याशी ती त्याच्या भाषेत अदबीने बोलली. त्याने कमळाला समजावलं, कमळ आपणहून हातात आलं. वाघिणीच्या पाठीवर बसणाऱ्या कोतवाल पक्ष्याने रदबदली केली, वाघिणीने केस दिला. राक्षस झोपला होता. त्याच्या घोरण्याने गुहेचे दगड निखळत होते. किल्लीवर त्याचं डोकं होतं, म्हणून तो कूस बदलेपर्यंत ती शेजारी बसून राहिली आणि सगळा भूतकाळ पाठ करून टाकला. राक्षसाने निदान लसूण तरी सोलायला सांगितला नाही. घरापेक्षा तिथे अभ्यास बरा झाला.

तिन्ही वस्तू तिने राजापुढे ठेवल्या. "आता आपला शब्द."

"शब्द दिला तो राजाने," मेघध्वज म्हणाला. "मुलीला दिलेला शब्द पाळायचा की नाही, तेही राजाच ठरवतो. नगारा वाजेल. उद्यापासून कर्णेही वाजतील."

आणि वाजले! कुवलया खिडकीत रडत उभी राहिली. शिवारात सावरीची बोंडं तडकू लागली होती, पहिला कापूस वाऱ्यावर निघाला होता. डोळे पुसून ती तडक नगारखान्यात गेली.

"नगारा कधी वाजवायचा, हे तुम्हाला कोण सांगतं?" तिने म्हाताऱ्या नगारजीला विचारलं.

"तो निळा पक्षीच, ताईसाहेब. तो बसला की वाजवायचं, उडाला की थांबायचं. महाराजांचा तसा हुकूम आहे."

"आणि आत्म्याच्या शांतीचं काय?"

नगारजी गोंधळला. "ते आमच्या कानावर नाही."

तेव्हा तिला कळलं. दासी ओरडत त्या सवयीने, आत्याबाई बोलत त्या स्वभावाने. हा नगारा मात्र कोणाला ऐकू येऊ नये म्हणून वाजत होता. तिचा बाप त्या पक्ष्याला घाबरत होता. भावाच्या नावाने त्याने तिच्याच कानांवर घाव घातले होते, आणि ती ते पुण्यकर्म समजून सोसत होती!

दुसऱ्या दिवशी पक्षी कळसावर उतरला. नगारजींनी टिपऱ्या उचलल्या. तोच कुवलया थोरल्या नगाऱ्यावर चढली आणि मधोमध मांडी घालून बसली. राजकन्येवर टिपरी कोण मारणार? उचललेले हात तसेच राहिले. कर्णेवाल्यांनी ते पाहिलं आणि कर्णे खाली ठेवले.

राज्यात शांतता पसरली. इतकी की नदीचं पाणी चढण चढताना ऐकू येऊ लागलं. रस्त्यातली माणसं जागीच थांबली.

राजा मुकुट सावरत धावत आला. "खाली उतर! वाजवा रे! कोण आहे तिकडे? हे काय चाललं आहे?"

"आबासाहेब," कुवलया म्हणाली, "मी अभ्यास करते आहे. गप्प बसा."

राजा गप्प बसला. आजवर त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं.

तिने मान वर केली आणि कोणतीही भाषा शिकताना सर्वांत आधी शिकतात तो साधा प्रश्न पक्ष्यांच्या भाषेत विचारला, "तुझं नाव काय?"

पक्षी बोलू लागला. ती एकेक वाक्य माणसांच्या भाषेत मोठ्याने सांगू लागली आणि सारं नगर ऐकू लागलं.

"माझं नाव जयकेतू. मी शिकारीला गेलो नव्हतो. वडिलांनी मला जादूगाराच्या हवाली केलं आणि बदल्यात अजिंक्यमणी घेतला. माझ्या रक्ताच्या माणसाने माझ्या भाषेत माझं नाव विचारलं, तरच मी सुटणार होतो. मी रोज येत होतो, कुवलये. रोज हाक मारत होतो."

शेवटचं वाक्य तिने सांगून संपवलं. निळी पिसं गळून पडली. कळसाला धरून एक तरुण उभा होता. मुकुटातल्या मण्याचा कोळसा झाला आणि राजाच्या कपाळावरून काळा ओघळ खाली आला. आपण हरलो, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. तो तसाच वेशीबाहेर चालू लागला आणि कोणी त्याला अडवलं नाही.

जयकेतू सिंहासनावर बसला, पण माणसांची भाषा तो विसरला होता. कुवलयेने त्याला समोर बसवून पहिला धडा सुरू केला. दरबारात कोणी खाकरलं, तर ती नुसती वर पाहत असे. तेवढं पुरे होई.

त्या भावाबहिणीला जसं एकमेकांचं बोलणं ऐकू आलं, तसं सगळ्यांना येवो. आणि शेजारच्या खोलीत कोणी अभ्यासाला बसलं असेल, तर ही गोष्टसुद्धा हळू आवाजात सांगा.